अरुणा शानभाग आणि परिचारिकांच्या नावे फिरणारा दावा

इच्छामरणाचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो: ‘केईएमच्या परिचारिकांनी अरुणाला 42 वर्षे जगवले. उपचार थांबवू देणारी परिचारिका सेवाधर्माला चुकते आणि मॉर्फिन देणारी मरण जवळ आणते.’

अरुणा शानभाग या मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका होत्या; 1973 मध्ये त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर 2015 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांची देखभाल तिथेच झाली. केईएममधील ही सेवा निर्विवाद आहे. 1973 पासून अंथरुणाला खिळलेल्या अरुणाताईंना सर्वोच्च न्यायालयातील 2011 च्या सुनावणीपर्यंत एकही बेडसोअर झालेला नव्हता, यामागे किती हातांनी किती वेळा त्यांची कूस बदलली असेल, हे वॉर्डात काम केलेल्यांनाच कळेल. परंतु त्या तेव्हा व्हेंटिलेटरवर नव्हत्या, स्वतः श्वास घेत होत्या आणि अनेक वर्षे बारीक केलेले अन्न तोंडाने घेत होत्या. ज्याचे अवयव एकेक करून निकामी होत आहेत, अशा रुग्णाला हे उदाहरण लावणे चूक आहे.

शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या 7 मार्च 2011 च्या ज्या निकालाने त्यांच्यासाठी केलेली इच्छामरणाची याचिका फेटाळली, त्याच निकालाने उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार काढून घेण्याची वाट खुली केली. 2018 मध्ये घटनापीठाने रुग्णाने आधीच लिहून ठेवलेल्या इच्छेला मान्यता दिली आणि 2023 मध्ये ती प्रक्रिया सोपी केली. या चौकटीत रुग्णाची इच्छा पाळणारी परिचारिका धर्माला चुकत नाही.

सर्वांत घातक भाग मॉर्फिनचा, म्हणजे तीव्र वेदनांवरच्या औषधाचा, आहे. वेदना आणि धाप पाहून, थोड्या मात्रेपासून सुरुवात करून बेताबेताने वाढवलेले मॉर्फिन मरण ओढवून आणत नाही. सोबत बद्धकोष्ठासाठी औषध द्यावे लागते आणि गुंगीवर लक्ष ठेवावे लागते, इतकेच. डॉक्टर ‘गरज पडल्यास द्यावे’ असे लिहून जातात, पण ती गरज रात्री दोन वाजता ओळखायची असते ती परिचारिकेने. आपल्या हातून शेवटचा डोस गेला असे व्हायला नको, ही भीती तिच्या मनात बसली, तर कपाळाला आठ्या घालून कण्हणाऱ्या माणसाच्या तक्त्यावर ‘झोप शांत’ अशी नोंद होते आणि कपाटातली गोळी कपाटातच राहते. असे मजकूर हीच भीती वाढवतात.

उपचार थांबवल्यावरही परिचारिकेचे काम संपत नाही. कोरडे ओठ ओल्या कापसाने पुसायचे असतात, घशातली घरघर कमी व्हावी म्हणून रुग्णाला कुशीवर वळवायचे असते आणि दाराशी ताटकळलेल्या मुलीला आत बोलावून आईचा हात तिच्या हातात द्यायचा असतो.