खोका भारी, मग माल खपतोच? एका फिरत्या पोस्टला उत्तर

छोट्या उद्योजकांच्या ग्रुपवर एक पोस्ट दर थोड्या दिवसांनी उगवते. सूत्र एकच: लोक माल नाही, खोका विकत घेतात. त्याखाली पाच सल्ले. पहिल्या दिवसापासून नाव छापलेले खोके घ्या, तेही हजारांत, म्हणजे नगामागे स्वस्त पडतात. खोका मोठा घ्या, ब्रँड मोठा दिसतो. 5 प्लाय, म्हणजे पाच थरांचा पुठ्ठा घ्या, काही फुटत नाही. तपकिरी क्राफ्ट कागद वापरा, पर्यावरण सांभाळलं जातं. आणि डिझाइन सतत ताजं ठेवा.

मी घरी साबण बनवून विकते. पहिला सल्ला मी इमानेइतबारे पाळला होता, त्यामुळे सुरुवात तिथूनच.

हजारांत छापा, स्वस्त पडतं. गणित खोटं नाही. ऑफसेटवर, म्हणजे प्लेट बनवून करायच्या छपाईत, प्लेट, खोका कापायचा साचा (डाय), मशीन लावणं हा खर्च 200 नगांना जेवढा तेवढाच 5000 नगांना, त्यामुळे नग वाढले की दर उतरतो. फक्त तो दर छापलेल्या खोक्याचा असतो. आपल्याला बघायचा असतो तो प्रत्यक्ष वापरात आलेल्या खोक्याचा.

मी 2000 खोके छापून घेतले, त्यावर ठसठशीत ‘100 ग्रॅम’. वजन केलं होतं वडी कापली त्या दिवशी. थंड पद्धतीचा, म्हणजे न शिजवता बनवलेला साबण चार ते सहा आठवडे वाळवावा लागतो आणि त्या काळात त्यातलं पाणी उडत राहतं, हे मला माहीत होतं. खोक्याची ऑर्डर देताना मात्र ते डोक्यातच आलं नाही. खोके घरी आले तेव्हा वडी 91 ग्रॅमवर उतरली होती. छापलंय त्यापेक्षा कमी माल देणं म्हणजे सरळ फसवणूक, म्हणून ‘90 ग्रॅम’चे स्टिकर छापून ते 100 वर चिकटवत बसले. गिऱ्हाइकाचं मन कसं असतं बघा: स्टिकर दिसला की नखाने खरवडून खाली काय आहे ते आधी बघतात. दोघींनी तर फोटो काढून विचारलं. उरलेला गठ्ठा अजून पलंगाखाली आहे.

आता साधा खोका आणि त्यावर कागदी पट्टी. डिजिटल छपाईला प्लेट लागत नाही, त्यामुळे 100 पट्ट्याही छापून मिळतात. नगामागे महाग पडतात, हे कबूल. पण घटक बदलला, वजन बदललं, फोन नंबर बदलला तर रद्दीत जातात त्या उरलेल्या तीस-चाळीस पट्ट्या. सलग काही घाणे त्याच वजनाचे, त्याच मापाचे निघाले की मग ऑफसेटकडे जावं.

मोठा खोका, मोठा ब्रँड. बऱ्याच कुरिअर कंपन्या पार्सलचं खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांपैकी जे जास्त असेल त्याचे पैसे लावतात. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुधा 5000 ने भागायची. 30 × 25 × 20 चा खोका 3 किलोचा धरला जातो, आत सगळे मिळून 540 ग्रॅमचे सहा साबण असले तरी. तेच साबण 20 × 15 × 10 मध्ये आरामात बसतात आणि आकारमानाचा हिशेब 600 ग्रॅमवर येतो. राहिलेले 2 किलो 400 ग्रॅम म्हणजे हवा, आणि तिचं भाडं आपण भरतो. शिवाय त्या हवेत माल खुळखुळू नये म्हणून भरावही आपणच घालायचा.

5 प्लाय घेतलं की काही फुटत नाही. 3 प्लाय म्हणजे दोन सपाट कागद आणि मध्ये एक नागमोडी थर. 5 प्लायमध्ये तीन सपाट, दोन नागमोडी. एकावर एक रचल्यावर जास्त ओझं पेलायला 5 प्लाय चांगलाच. पण छोटं पार्सल थप्पीखाली चिरडण्यापेक्षा हातातून पडून जास्त मार खातं, आणि पडताना आतली वस्तू हलली तर भिंत कितीही जाड असो, वस्तू त्याच भिंतीवर आपटते.

ताकद नुसत्या थरांत नसते. नागमोडी नळ्या खोक्यात उभ्या हव्यात; आडव्या असतील तर तोच पुठ्ठा पटकन दबतो. थप्पीचा बराचसा भार चार उभ्या कोपऱ्यांवर असतो, म्हणून वरचा खोका जरा सरकून बसला तरी खालचा खचतो. आणि कागद ओल पितो. दमट हवेत ठेवलेला खोका दिसायला तसाच राहतो, ताकद मात्र बरीच गमावून बसलेला असतो.

म्हणून प्लाय मोजण्याआधी खोका पाडून बघा. ‘इस्टा’ ही पार्सलच्या चाचण्या ठरवणारी संस्था आहे. तिची प्राथमिक चाचणी 10 किलोच्या आतल्या पार्सलला साधारण 76 सेंटिमीटरवरून दहा वेळा पाडायला सांगते: एकदा कोपऱ्यावर, मग त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडांवर, मग सहाही बाजूंवर. घरच्या टेबलाची उंची जवळपास तेवढीच असते. मी पाडला तेव्हा साबण शाबूत राहिले, पण तळाची टेप उकलली. मधल्या फटीवर एकच पट्टी मारली होती. आता दोन्ही टोकांच्या कडांवरही मारते, इंग्रजी एच अक्षरासारखी. खोका अजून 3 प्लायच आहे.

क्राफ्ट म्हणजे पर्यावरणपूरक. इथे पोस्टची सगळ्यात जास्त दिशाभूल होते, कारण तपकिरी रंग बघून आपणही विरघळतो. तो रंग एवढंच सांगतो की लगदा ब्लीच केलेला नाही. आत काय आहे ते तो सांगत नाही. क्राफ्टचा पाऊच कोपऱ्यातून फाडा. कागद फाटल्यावर कडेला पातळ पापुद्रा ताणला जाताना दिसला तर आत प्लास्टिक आहे, आणि कागद-प्लास्टिकचा असा चिकटवलेला जोड साध्या कागदी रद्दीत नीट चालत नाही.

‘कम्पोस्टेबल’ शब्दाचंही तेच. वनस्पतीपासून बनणारं पीएलए नावाचं प्लास्टिक कुजतं, पण त्याला औद्योगिक कम्पोस्टिंगची साधारण 58 अंश सेल्सिअसची ऊब आठवडेच्या आठवडे लागते. युरोपच्या ईएन 13432 मानकात 12 आठवड्यांत तुकडे पडण्याची अट आहे, ती अशाच परिस्थितीतली. कुंडीतल्या मातीत ते मुकाट पडून राहतं.

आता उलट बाजू. माझ्या साबणाला साधा, अस्तर नसलेला कागदच बरा, कारण त्यातलं ग्लिसरीन हवेतली ओल ओढतं आणि घट्ट बंद केलेल्या वडीवर घामासारखे थेंब येतात. पण ज्या वस्तूला ओल अजिबात चालत नाही तिला नुसता कागद पुरणारच नाही. माल खराब होऊन फेकला गेला तर तो बनवायला लागलेलं सगळंच वाया गेलं. तिथे एकाच प्रकारच्या प्लास्टिकची साधी पिशवी मला अस्तर लपवणाऱ्या ‘हिरव्या’ पाऊचपेक्षा प्रामाणिक वाटते.

डिझाइन ताजं ठेवा. पॅकिंगने विक्रीत फरक पडतो, हे या पोस्टमधलं खरं वाक्य आहे, आणि त्याचा पुरावा याच सल्ल्याच्या विरोधात जातो. जानेवारी 2009 मध्ये पेप्सिकोने अमेरिकेत ट्रॉपिकाना रसाचं पॅकिंग बदललं. स्ट्रॉ खुपसलेलं संत्रं गेलं, त्या जागी रसाचा पेला आला. आतला रस तोच होता. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे 20 टक्क्यांनी घसरली आणि कंपनीने फेब्रुवारीतच जुनं चित्र परत आणायचं जाहीर केलं. फळीवर नजर ज्या खुणेने थांबत होती, ती खूणच काढून टाकली होती.

त्यांना ते परवडलं. आपल्याला गिऱ्हाईक ‘ती निळ्या पट्टीवाली’ म्हणून ओळखत असेल तर निळी पट्टी ठेवा, बाकी हवं ते बदला. फक्त नव्या रंगसंगतीत बारकोड लाल करू नका. बरेच स्कॅनर लाल उजेडात वाचतात. त्यांना पांढऱ्यावरच्या लाल रेघा दिसतच नाहीत.