पीटीनंतरची पायदुखी लॅक्टिक ॲसिडमुळे नसते

सुट्टीनंतर पीटीचा पहिला तास झाला की दुसऱ्या दिवशी मुलं कठडा धरून जिने उतरतात, आणि तोच मेसेज फिरू लागतो: ‘स्नायूंत लॅक्टिक ॲसिड साचलंय, पुन्हा पळवा म्हणजे निघून जाईल.’ हे चूक आहे. जोरात पळताना लॅक्टेट (शरीरात लॅक्टिक ॲसिड याच रूपात असतं) वाढतं हे खरं, पण थांबल्यावर तासाभरात त्याची पातळी जवळपास पूर्ववत होते. दुखणं मात्र २४ ते ७२ तासांत सर्वाधिक असतं. कालच निघून गेलेलं आज कसं दुखवेल? शिवाय लॅक्टेट हा कचराही नव्हे; हृदय ते इंधन म्हणून वापरतं.

सवय नसताना, भार पेलत स्नायू लांबला की त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, ती दुखते. उठाबशांमध्ये खाली जातानाचा क्षण आठवा: मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत अख्खं अंग तोलत असतो. म्हणूनच उतारावर पळाल्यावर दम कमी लागतो, पण पाय जास्त धरतात.

हलकं चालायला हरकत नाही, थोडं बरंच वाटतं. शिक्षा म्हणून शंभर उठाबशा मात्र नकोत. आणि लघवी चहासारखी गडद झाली तर स्नायूंना गंभीर इजा झालेली असू शकते; वाट न बघता डॉक्टर गाठा.