ऑटोसेव्ह चालू आहे म्हणून फुटेज उडवू नका

एडिटिंग करणाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. सुरुवातीला लाल दिवे, मधे सहा मुद्दे आणि शेवटी "एकाही एडिटरची मेहनत वाया जाऊ नये म्हणून पुढे पाठवा". माझ्याकडे तो भाच्याने पाठवला आणि खाली विचारलं, "मावशी, मग कार्ड फॉरमॅट मारू ना? जागा हवीये." त्याला फोन करून आधी थांबवलं. पण हा मेसेज वाचून हात शिवशिवणारा तो एकटाच नसणार, म्हणून हे लिहायला बसले.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. एक, हल्लीची सॉफ्टवेअरं क्षणाक्षणाला आपोआप सेव्ह करतात, त्यामुळे कंट्रोल-एस विसरा. दोन, ऑटोसेव्ह १ मिनिटावर आणा, मग काहीच जात नाही. तीन, बॅकअपमध्ये अख्खा व्हिडिओ असतो, मूळ फुटेज साठवून डिस्क भरू नका. चार, प्रोजेक्ट उघडत नसेल तर बॅकअप फाइलचं एक्स्टेन्शन बदलून एमपीफोर करा, व्हिडिओ चालू होतो. पाच, क्रॅश झालं की कॅशे आणि ॲपचा डेटा साफ करा. सहा, तरीही काही गेलंच तर लगेच रिकव्हरी सॉफ्टवेअर टाका, सगळं परत मिळतं.

तिसऱ्यापासून सुरू करते. बाकीचं चुकलं तर एखादा दिवस जातो. हे चुकलं तर शूटच जातं.

एडिटिंग सॉफ्टवेअर ज्याचा बॅकअप घेतं ती प्रोजेक्ट फाइल असते, व्हिडिओ नाही. कोणती क्लिप कुठल्या फोल्डरमध्ये पडली आहे, ती कुठून कुठपर्यंत घ्यायची, वर कुठला रंग, कुठलं टायटल, आवाज किती, एवढ्या सूचना त्यात असतात. शंका असेल तर स्वतः बघा. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल ही जीझिपने (फाइल दाबून लहान करायची एक पद्धत) दाबलेली एक्सएमएल, म्हणजे खुणा घालून लिहिलेला साधा मजकूर असते. तिची कॉपी करून (मूळ फाइलला हात लावू नका, प्लीज) ती उलगडा आणि साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. ओळीच्या ओळी मजकूर दिसेल. त्यात क्लिपचा पत्ता सापडेल, ड्राइव्हच्या नावापासून फाइलच्या नावापर्यंत. शेजारी लांबच लांब आकडे दिसतील, ते इन आणि आउटचे, म्हणजे क्लिप कुठून घ्यायची आणि कुठे थांबवायची याचे. प्रीमियर एका सेकंदाचे २५,४०१ कोटी ६० लाख भाग करून वेळ मोजतं, म्हणजे नेहमीच्या वापरातले फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) आणि आवाजाचे सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाच्या किती नोंदी) त्यात पूर्णांकात बसतात. इतका काटेकोर हिशेब त्या फाइलीत आहे, आणि तुम्ही शूट केलेली एक फ्रेमही नाही. तुमच्याकडे पत्ता आहे, घर तुम्ही पाडलंत.

हे माझं मत नाही. ॲपलने आपल्या फायनल कट प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलंय की आपोआप होणाऱ्या बॅकअपमध्ये लायब्ररीचा फक्त डेटाबेस असतो, मीडिया फाइली नसतात. सॉफ्टवेअर बनवणारे स्वतः सांगतायत. मेसेज लिहिणाऱ्याने ते एक पान उघडलं असतं तर मुद्दा क्रमांक तीन जन्मालाच आला नसता.

मार्गदर्शिका वाचायचा कंटाळा असेल तर साधं गणित करा. १०० मेगाबिट प्रतिसेकंदाने शूट केलेलं फोरके फुटेज मिनिटाला ७५० एमबी होतं, तासाला ४५ जीबी. आता ऑटोसेव्हच्या फोल्डरचं वजन बघा. एकेक फाइल ५ एमबीची धरली आणि अशा २० असल्या तरी झाले १०० एमबी. ४५ जीबी त्यात कुठे लपून बसलेत? असलं कॉम्प्रेशन कुणी शोधून काढलं असतं तर तो असले मेसेज लिहीत बसला नसता.

तरी पटत नसेल तर शेवटचा उपाय. ऑटोसेव्हची एक फाइल पेन ड्राइव्हवर घ्या आणि जिथे तुमचं फुटेज नाही अशा दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा. टाइमलाइन जशीच्या तशी दिसेल, कट जागच्या जागी असतील, टायटलं असतील, आणि मॉनिटरवर लालभडक पडद्यावर 'मीडिया ऑफलाइन'. कार्ड फॉरमॅट केल्यानंतर हा पडदा बघण्यापेक्षा आधी बघितलेला बरा.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. प्रॉक्सी (एडिटिंग हलकं व्हावं म्हणून केलेल्या फुटेजच्या हलक्या प्रती) बनवल्या असतील किंवा टाइमलाइन रेंडर करून, म्हणजे इफेक्टसकट आधीच तयार करून, प्रिव्ह्यू फाइली झाल्या असतील, तर त्या खरोखरचा व्हिडिओ असतात आणि बाहेरही चालतात. मूळ फुटेज गेल्यावर प्रॉक्सीवरून निभावून नेलेली माणसं असतात. पण प्रॉक्सी बहुधा कमी रिझोल्यूशनच्या असतात, आणि प्रिव्ह्यू जेवढा तुकडा रेंडर केला तेवढ्याच. शिवाय दोन्ही ऑटोसेव्हने बनवलेल्या नसतात, तुम्ही किंवा तुमच्या सेटिंगने बनवलेल्या असतात. मेसेजमध्ये यातला शब्दही नाही.

आता चौथा मुद्दा. एक्स्टेन्शन म्हणजे फाइलच्या नावाचं शेपूट. ते बदललं की नाव बदलतं, आतला माल नाही. एमपीफोर फाइलच्या अगदी सुरुवातीच्या बाइटांत सहसा 'एफटीवायपी' ही चार अक्षरं असतात, प्रीमियरच्या प्रोजेक्ट फाइलच्या सुरुवातीला जीझिपची खूण असते. प्लेअर शेपूट बघून फसेल, आत डोकावलं की फाइल परत तोंडावर मारेल. हे खूळ कुठून आलं असेल याचा मला अंदाज आहे. ॲव्हिड या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये 'ॲटिक' नावाच्या फोल्डरात बिनच्या (क्लिपा लावून ठेवायच्या कप्प्याच्या) जुन्या प्रती साठतात, आणि त्यातली एखादी वापरायची तर तिला पुन्हा बिनचं एक्स्टेन्शन द्यावं लागतं. कुणीतरी ते अर्धवट ऐकलं आणि बिनचा व्हिडिओ केला. बिनमध्येही क्लिपांच्या नोंदीच असतात. ज्यांनी आधीच नाव बदलून बघितलंय त्यांनी घाबरू नका, होतं तेच एक्स्टेन्शन परत द्या, फाइल शाबूत असते.

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे, नाइलाजाने कबूल करते. फायनल कटमध्ये सेव्हची कमांडच नाही, ते स्वतःच सेव्ह करत राहतं. डाविंची रिझॉल्व्हमध्ये लाइव्ह सेव्ह असतं, तेही प्रत्येक बदल लगेच नोंदवतं. वीज गेली, मशीन अडकलं, तर याचा उपयोग होतो, वादच नाही. पण जे सॉफ्टवेअर तुमचं प्रत्येक काम लगेच सेव्ह करतं ते तुमची प्रत्येक घोडचूकही लगेच सेव्ह करतं. रात्री डोळे मिटत असताना चुकून अख्खा सीन डिलीट झाला आणि तुम्ही प्रोजेक्ट बंद करून झोपलात, तर सकाळी ती घोडचूक इमानेइतबारे सेव्ह झालेली असेल आणि अनडू गेलेलं असेल. तिथे लाइव्ह सेव्हचा उपयोग शून्य, तिथे कालची वेगळी प्रत लागते. रिझॉल्व्हमध्ये 'प्रोजेक्ट बॅकअप' हे लाइव्ह सेव्हपासून वेगळं सेटिंग आहे ते याचसाठी, आणि तुमच्याकडे ते चालू आहे की नाही हे आत्ता प्रेफरन्सेसमध्ये जाऊन बघा. चालू असेल तर प्रोजेक्ट मॅनेजरमध्ये प्रोजेक्टवर राइट क्लिक करून जुन्या प्रती सापडतात. प्रीमियरवाल्यांनी कंट्रोल-एसची सवय सोडायचं कारणच नाही. तिथे दोन ऑटोसेव्हच्या मधलं काम क्रॅशमध्ये जातं ते जातंच.

दुसरा मुद्दा ऐकायला शहाणपणाचा वाटतो, म्हणून त्यात जास्त लोक फसतील. प्रीमियर ऑटोसेव्हच्या ठरावीक संख्येच्याच प्रती ठेवतं, सेटिंग बदललं नसेल तर २०. एकविसावी आली की सगळ्यात जुनी जाते. म्हणजे १५ मिनिटांच्या अंतराने २० प्रती असतील तर सलग कामाचे ५ तास मागे जाता येतं. तेच अंतर १ मिनिटावर आणलंत आणि प्रतींचा आकडा तसाच ठेवलात, तर तुमच्याकडे फक्त शेवटच्या २० मिनिटांचा इतिहास उरतो. दुपारी केलेला गोंधळ संध्याकाळी लक्षात आला तर वीसच्या वीस प्रतींमध्ये तोच गोंधळ सापडेल. वेळ कमी करायची तर प्रतींचा आकडा वाढवा, शेजारीच आहे तो रकाना. रिझॉल्व्हची पद्धत मला यापेक्षा आवडते: मूळ सेटिंगमध्ये शेवटच्या तासातल्या दर १० मिनिटांच्या प्रती, त्याआधीच्या ८ तासांत तासाला एक, आणि मग ५ दिवस रोजची एक. जवळचं बारीक, लांबचं विरळ. बदल झाला नसेल तर नवी प्रत घेतही नाही, उगाच जुनी बाहेर ढकलली जात नाही.

आणि हो, प्रीमियरचं ऑटोसेव्हचं फोल्डर, काही बदललं नसेल तर, प्रोजेक्ट फाइलच्या शेजारीच असतं. डिस्क बसली तर दोन्ही एकदम बसतात. त्यातली प्रत उघडलीत तर पहिलं काम 'सेव्ह ॲज' करून ती त्या फोल्डरबाहेर काढा, तिथेच बसून पुढचं एडिट करू नका.

पाचवा मुद्दा दोन वेगळ्या गोष्टी एका वाक्यात कोंबतो. प्रीमियरचा मीडिया कॅशे, म्हणजे काम वेगात व्हावं म्हणून त्याने केलेल्या तात्पुरत्या फाइली, साफ केला तर काही बिघडत नाही, तो पुन्हा तयार होतो, वेळ जातो इतकंच. फोनवर मात्र एडिटिंग ॲपचे ड्राफ्ट बहुधा ॲपच्या स्वतःच्या जागेत असतात. अँड्रॉइडवर तिथे 'क्लिअर कॅशे' आणि 'क्लिअर डेटा' (किंवा 'क्लिअर स्टोरेज') अशी दोन बटणं असतात. दुसरं दाबलंत की ड्राफ्ट गेले, ॲप काढून टाकलंत तरी बहुधा तेच.

राहिला सहावा. 'लगेच टाका' हेच चूक आहे. ज्या डिस्कवरून फाइल गेली तिच्यावरच नवं सॉफ्टवेअर टाकलंत तर ते नेमकं गेलेल्या फाइलच्या जागेवर जाऊन बसू शकतं. आधी त्या डिस्कवर किंवा कार्डावर काहीही लिहिणं थांबवा. एसएसडी असेल आणि ट्रिम चालू असेल तर डिलीट केलेल्या जागा ड्राइव्ह स्वतःच मोकळ्या करून टाकते, तिथून बहुतेक वेळा काहीच निघत नाही. कॅमेऱ्याचं कार्ड त्या मानाने आशेला जागा ठेवतं, पण फॉरमॅटनंतर पुन्हा शूट केलं नसेल तरच. फोटोरेक नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, कार्डावर काही लिहीत नाही, फक्त वाचतं. सापडलेल्या फाइली मात्र दुसऱ्या डिस्कवर उतरवा. त्यालाही मर्यादा आहे. ते फाइलच्या सुरुवातीच्या खुणेवरून शोधतं, त्यामुळे कार्डावर तुकड्यातुकड्यात विखुरलेली मोठी व्हिडिओ फाइल अर्धवट निघते किंवा निघूनही चालत नाही.