आकृती काढायची नाही!

कॉलेजात त्रिकोणमितीचा कोर्स घेतलाय म्हणता? अभिनंदन. हा कोर्स मी दोनदा केला आहे, म्हणजे एका फटक्यात सुटलेल्यांपेक्षा माझा अनुभव बरोबर दुप्पट. तेव्हा हुशार मुलांचे सल्ले ऐकत बसू नका. त्यांना विषय समजलेला असतो, त्यामुळे तो न समजता कसा रेटायचा याची त्यांना काडीची कल्पना नसते.

पहिला धोका पहिल्याच तासाला येतो. प्राध्यापक फळ्यावर एक वर्तुळ काढतात. त्रिज्या एक, मधून दोन अक्ष. मग परिघावर एक बिंदू ठेवून तो हळूहळू फिरवतात आणि सांगतात, ‘हा बिंदू मध्यापासून आडवा जितका लांब तो कॉस, उभा जितका लांब तो साइन. एवढं डोक्यात बसलं की निम्मा कोर्स झाला.’

नेमकं याच क्षणी पेन खाली पाडा आणि ते बाकाखाली शोधत राहा. वर्तुळ पुसलं जाईपर्यंत वर येऊ नका.

कारण ते वर्तुळ एकदा नीट पाहिलं की पुढे करायला काही उरतच नाही. १५०° चा साइन ३०° च्या साइनएवढाच का, तर दोन्ही बिंदू सारख्याच उंचीवर आहेत म्हणून. दुसऱ्या चरणात कॉस ऋण का, तर बिंदू डावीकडे गेला म्हणून. साइनचा वर्ग अधिक कॉसचा वर्ग एक का, तर तो आपला शाळेतलाच पायथागोरस, कर्ण एक असलेला. ३६०° नंतर सगळं पुन्हा तेच का, तर माणूस फिरून घरी आला म्हणून. बघा, चार ओळींत चार धडे संपले. मग उरलेलं सत्र काय करणार तुम्ही? वेळ जाणार कसा?

म्हणून आपला मार्ग पाठांतराचा. ०, ३०, ४५, ६०, ९० असा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर, शेवटच्या पानावर आणि तळहातावर लिहा. कुणी तरी आगाऊ सांगेल की साइनच्या ओळीत वर्गमुळाखाली ०, १, २, ३, ४ लिहायचे आणि प्रत्येकाला दोनाने भागायचं, झाला तक्ता. कॉससाठी तीच ओळ उलटी वाचायची. दुर्लक्ष करा. त्याहून आगाऊ असेल तो म्हणेल की समभुज त्रिकोण मधोमध कापला की ३० आणि ६० मिळतात, चौरस तिरका कापला की ४५. असल्या मुलांशी मैत्री ठेवली की आकृत्या काढायची सवय लागते. संगतीचा परिणाम.

तक्ता झाला की सूत्रं. ती समजून घेताना शाळेत कमावलेल्या एका कौशल्यावर पूर्ण भिस्त ठेवा: कंस फोडणे. साइन कंसात अ अधिक ब दिसलं की साइन आत ढकलून मोकळं व्हायचं, साइन अ अधिक साइन ब. अ ३० आणि ब ६० घेऊन बघा. साइन ३० म्हणजे ०.५, साइन ६० म्हणजे ०.८६६, बेरीज १.३६६. प्रत्यक्षात ती साइन ९० असल्यामुळे १ यायला हवी होती, आणि साइनला १ च्या वर जाताच येत नाही. पण ते त्या वर्तुळामुळे, आणि ते वर्तुळ तर आपण पाहिलेलंच नाही. उत्तर जास्त आलं म्हणून कुणी मार्क कापावेत का? उलट ३६.६ टक्के आगाऊच दिलंय आपण.

एका बाबतीत मात्र तुमची बाजू मी मनापासून घेईन. साइनच्या डोक्यावर २ लिहिला तर त्याचा अर्थ साइनचा वर्ग. त्याच जागी उणे १ लिहिला तर एक भागिले साइन होईल असं कुठल्याही सरळ माणसाला वाटेल. तर नाही! तिथे तो व्यस्त साइन होतो, म्हणजे ‘कोणत्या कोनाचा साइन एवढा?’ हा प्रश्न. एक भागिले साइनला कोसेक असं वेगळंच नाव. आणि कोसेक हा एक भागिले कॉस नसून एक भागिले साइन, एक भागिले कॉस तो सेक. ज्यांनी हे ठरवलं त्यांना नंतर परीक्षेला बसावं लागलं नसणार.

नावांवरून आठवलं. ‘साइन म्हणजे काय हो?’ असं वर्गात कधी विचारू नका, कारण उत्तर फार दिलासा देणारं आहे आणि दिलासा मिळाला की अभ्यास ढिला पडतो. आर्यभटाने ४९९ साली ‘ज्या’ नावाच्या लांबींचा तक्ता दिला, ३° ४५′ च्या अंतराने, चोवीस नोंदींचा. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा कंस हे धनुष्य, त्याची टोकं जोडणारी रेघ ही दोरी, आणि तिचा अर्धा भाग म्हणजे आपला साइन. तो शब्द ‘जीवा’ या रूपाने अरबीत गेला, तिथे ‘जीबा’ झाला. अरबी लिहिताना स्वर गाळतात, त्यामुळे कागदावर उरली नुसती व्यंजनं. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी ती ‘जैब’ अशी वाचली. जैब म्हणजे वस्त्राची घडी, ऊर, खोबण. त्यासाठी लॅटिन शब्द सायनस. तोच आपला साइन. म्हणजे न समजता उतरवून घेतलेली एक नोंद आठशे वर्षं जगभर चालते आहे. तुमच्या वहीत शेजाऱ्याची अक्षरं पाहून उतरवलेलं जे काही आहे, त्याची लाज बाळगायचं कारण नाही. परंपरा मोठी आहे.

कोसाइनचं नाव मात्र सरळ आहे, आणि म्हणूनच धोकादायक. को हे ‘कॉम्प्लिमेंट’चं आखूड रूप, म्हणजे कोटिकोन, ९०° व्हायला जेवढा कमी पडतो तेवढा. कोटिकोनाचा साइन तो कोसाइन. २० चा कॉस म्हणजे ७० चा साइन. हे कळलं की पाठांतर निम्म्यावर येतं. वाचलं नाही असं समजा.

आता कॅल्क्युलेटर. या कोर्सचा खरा प्राध्यापक तोच. त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात इवल्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं असतं, तिकडे बघायचं नाही. एकाच यंत्रात साइन ३० दाबा: डिग्रीत असेल तर ०.५. रेडियनमध्ये असेल तर उणे ०.९८८. आणि धक्के खाऊन ते तिसऱ्याच प्रकारात, ग्रेडमध्ये गेलं असेल, जिथे काटकोनाचे शंभर भाग करतात, तर ०.४५४. इतकी उदार गोष्ट गणितात दुसरी नाही. एक प्रश्न, तीन उत्तरं, आणि तिन्ही दशांशांत असल्यामुळे सारखीच विद्वान दिसतात. माझ्या पहिल्या प्रयत्नाच्या परीक्षेत एका मनोऱ्याची उंची उणे निघाली. मी शांतपणे एकक लिहिलं, मीटर, आणि खाली दोन रेघा मारल्या. विहीर असेल.

हे रेडियन काय प्रकरण आहे, असं वाटणं स्वाभाविक आहे. वर्तुळाच्या त्रिज्येइतकीच लांब दोरी परिघावर वाकवून ठेवली की मध्याशी जो कोन होतो तो एक रेडियन, साधारण ५७.३°. पाहा, पुन्हा वर्तुळ. सुटका नाही! पण ‘रेडियन’ या शब्दाची जन्मकथा तुम्हाला आवडेल: तो छापील स्वरूपात पहिल्यांदा दिसला १८७३ साली, बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजात, जेम्स थॉमसन यांनी काढलेल्या प्रश्नपत्रिकेत. म्हणजे हा शब्द जन्मालाच आला तो विद्यार्थ्यांना छळत.

आलेख वगैरे येतील मध्ये. वरखाली लाटा काढा, एक वाकडी आली तर तिला टॅन म्हणा.

मग शाब्दिक उदाहरणं. यांत एक दीपगृह असतंच. ६० मीटर उंच, माथ्यावर एक माणूस, समुद्रात एकाच बाजूला एकामागे एक दोन जहाजं, अवनत कोन ४५° आणि ३०°. जहाजांमधलं अंतर काढा. हा माणूस दीपगृहावर का चढला, आणि त्याला जहाजांना नुसतं हाक मारून विचारता का येत नाही, याचा खुलासा कुठल्याही पुस्तकात नाही. तुम्ही आकृती काढली, तर दिसेल की अवनत कोन माणसाच्या डोळ्यासमोरच्या आडव्या रेघेपासून खाली मोजायचा असतो. मग एक जहाज ६० मीटरवर, दुसरं १०३.९२ वर, मध्ये ४३.९२. दोन मिनिटांचं काम. आकृती काढली नाही, तर मात्र मजा आहे. कोन मनोऱ्याच्या भिंतीपासून मोजता येतो, मग लांबचं जहाज ३४.६४ मीटरवर येऊन जवळच्याच्या अलीकडे उभं राहतं. ‘एकाच बाजूला’ हे शब्द न वाचता दोन्ही अंतरांची बेरीज करता येते: १६३.९२, आणि जहाजं दीपगृहाच्या दोन बाजूंना. चुकीची उत्तरं किती निरनिराळ्या मार्गांनी मिळतात ते पाहून या विषयाच्या श्रीमंतीची कल्पना येते.

साइनचा नियम (त्रिकोणाची कुठलीही बाजू भागिले समोरच्या कोनाचा साइन, उत्तर तेच) शिकवतील तेव्हा पहिल्याच उत्तरावर समाधान मानायला शिका. एक कोन ३०°, त्याच्या समोरची बाजू ६, दुसरी बाजू १०. कॅल्क्युलेटर म्हणतो दुसरा कोन ५६.४४°. वर्तुळ पाहिलेली माणसं इथे अस्वस्थ होतात: तेवढ्याच उंचीवर १२३.५६° पण आहे ना? आणि तोही बसतो, म्हणजे त्रिकोण दोन. आपण कशाला लोभ धरायचा? एक त्रिकोण पुरे. समीकरणांतही तेच. साइन क्ष बरोबर अर्धा, तर क्ष ३०°. बाकीची असंख्य उत्तरं दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडतील.

पण कलावंताची खरी कसोटी लागते ती नित्यसमानतेत. ‘सिद्ध करा: टॅन थीटा अधिक कॉट थीटा बरोबर सेक थीटा गुणिले कोसेक थीटा.’ सगळं साइन-कॉसमध्ये लिहिलं (टॅन म्हणजे साइन भागिले कॉस, कॉट त्याच्या उलट) आणि छेद एक केला की वर साइन वर्ग अधिक कॉस वर्ग उरतं, त्याचं एक होतं, संपलं. तीन ओळी. इतक्या कमी ओळींत तपासणाऱ्याला तुमचे कष्ट कसे दिसणार? म्हणून पानाच्या वरच्या टोकाला डावी बाजू लिहा आणि खाली खाली या. पानाच्या तळाला उजवी बाजू लिहा आणि वर वर जा. सेकचा वर्ग करा, त्यातून एक वजा करा, पुन्हा एक मिळवा. दोन्ही फौजा पानाच्या मध्यावर आल्या, की त्यांच्यामध्ये एक ओळ अशी उरते जिथे वरचं आणि खालचं यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो. तिथे अक्षर बिघडवायचं. अगदी थोडं. मग तीन टिंबांचं ‘म्हणून’, आणि शेवटी ठसठशीत, ‘डावी बाजू बरोबर उजवी बाजू.’ शेवटी हेच सिद्ध करायचं होतं आणि शेवटी हेच लिहिलंय. मधलं काय घेऊन बसलात?

दर आठवड्याला एकदा हात वर करून विचारत जा, ‘सर, याचा आयुष्यात उपयोग काय?’ प्रश्न गंभीर चेहऱ्याने विचारा आणि उत्तर सुरू झालं की कानात इअरफोन घाला. ते सांगत असतील की १८०२ साली सुरू झालेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात थिओडोलाइट नावाची कोन मोजायची अवाढव्य यंत्रं वाहून नेत माणसांनी अख्खा देश त्रिकोणांनी विणून काढला. की एव्हरेस्टवर पाऊल न ठेवता, दीडशे किलोमीटरहून लांबून मोजलेल्या कोनांवरून आकडेमोड झाली, राधानाथ सिकदार त्या गणकांचे प्रमुख. की १८५६ मध्ये जाहीर झालेली २९,००२ फूट ही उंची आजच्या ८,८४८.८६ मीटरपेक्षा जेमतेम नऊ मीटरने कमी आहे. तुम्ही गाणं ऐका. फोनमधली ती एमपीथ्री फाइल कोसाइनांच्या बेरजेनेच लहान केलेली असते, पण ते गाण्यात ऐकू येत नाही, त्यामुळे त्रास नाही.

एवढं सगळं मनापासून पाळलंत तर काय होईल? बहुधा काठावर का होईना, पण पास व्हाल. दुसऱ्यांदा मीही झालो. एव्हाना तुम्हाला साठ-सत्तर सूत्रं पाठ असतील, त्यांतली सगळी त्या एका वर्तुळात होती हे ठाऊक नसेल, आणि पुढच्या सत्राच्या पहिल्या तासाला कलनशास्त्राचे प्राध्यापक आत येऊन सांगतील की साइनचं विकलन केलं, म्हणजे तो किती वेगाने बदलतो ते काढलं, की कॉस मिळतो. तुम्ही लगेच कॅल्क्युलेटर काढून पडताळून पाहाल. ० पाशी कॉस तर १ असतो, तुमच्याकडे उत्तर येईल ०.०१७४५. तुम्ही यंत्र हलवाल, बॅटरी काढून पुन्हा घालाल, शेजाऱ्याच्या पडद्याकडे बघाल. त्याचं बरोबर १ येत असेल. त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात इवल्या अक्षरात काहीतरी वेगळं लिहिलेलं असेल, आणि प्राध्यापक पाठ फिरवून फळ्यावर एक मोठं वर्तुळ काढत असतील.

पेन आहे ना हातात? पाडा.