औशाच्या ग्राहकाने पलंगाला लावलेल्या टॅबलेट स्टॅण्डबद्दल दिलेल्या अभिप्रायास दुकानाचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपण आमच्या लातूरच्या गंजगोलाईतील दुकानातून शिकंज्याने आवळायचा, हवा तसा वळणारा टॅबलेट स्टॅण्ड ८४९ रुपयांना नेलात. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर अंथरुणावर असलेल्या आपल्या आईंना दुपारी पडल्या पडल्या कीर्तन पाहता यावे, एवढाच आपला हेतू होता. चौथ्या दिवशी स्टॅण्डची मान हळूहळू खाली आली, मग शिकंजाच पलंगाच्या नळीवर फिरला आणि टॅबलेट आईंच्या खांद्याशेजारी उशीवर पडला. स्क्रीनगार्ड फुटले. आपण स्टॅण्ड परत आणलात, तेव्हा बिलावरचा शिक्का दाखवून आपल्याला रिकाम्या हाताने पाठवण्यात आले. यावर आपण एक स्टार दिला आणि लिहिले की माल हलका आहे, आतली स्प्रिंग तुटलेली असावी, दुकानात मुद्दाम टेबलावर लावून दाखवतात आणि असल्या वस्तू विकूच नयेत.

टॅबलेट खांद्याऐवजी चेहऱ्यावर पडला असता तर काय झाले असते, हा विचार अभिप्राय वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. आईंना आणि आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मी मनापासून क्षमा मागतो. आपल्या तक्रारींपैकी एक मला पूर्णपणे मान्य आहे, एक अर्धी मान्य आहे आणि दोन मान्य नाहीत.

आधी मान्य नसलेल्यांपैकी स्प्रिंगची सांगतो. या स्टॅण्डमध्ये स्प्रिंगच नसते. स्प्रिंग असते ती सांधे असलेल्या, टेबललॅम्पसारख्या दिसणाऱ्या स्टॅण्डमध्ये. आपण नेलेला स्टॅण्ड गूजनेक पद्धतीचा आहे, म्हणजे प्लॅस्टिकच्या आवरणाच्या आत जाड ॲल्युमिनियमची तार असून ती वाकवली की तशीच राहते. ही तार तुटलेली नव्हती, तिला झेपेल त्यापेक्षा जास्त भार तिच्यावर आला होता. आपण रागाने काउंटरवर ठेवून गेलेला स्टॅण्ड माझ्याकडेच आहे आणि त्यावर मी दोन रात्री प्रयोग करून पाहिला, म्हणून हे ठामपणे लिहीत आहे.

आपल्या टॅबलेटच्याच मापाचा, म्हणजे दहा इंची टॅबलेट मी शेजारच्या किराणा दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला. नुसता टॅबलेट ४८० ग्रॅम भरला आणि आपल्याकडे आहे तसे जाड, घडीचे कव्हर घातल्यावर ७६० ग्रॅम. मग एका बाटलीत पाणी भरून तेवढेच वजन केले आणि ती स्टॅण्डच्या टोकाला बांधली. पहिल्या रात्री मान सरळ आडवी, जवळजवळ ६० सेंटीमीटर लांब ठेवली. तासाभरात टोक चार बोटे खाली आले होते आणि सकाळी दुकान उघडले तेव्हा चांगले वीतभर. दुसऱ्या रात्री तीच मान आधी वर नेऊन मग कमानीसारखी मागे वळवली, जेणेकरून बाटली शिकंज्यापासून वीतभराच्या आतच लोंबेल. सकाळी टोक बोटभरही हलले नव्हते. तोच स्टॅण्ड, तीच बाटली.

भरलेली कळशी कमरेवर घेऊन बाई विहिरीवरून घरापर्यंत सहज चालत येते, पण तीच कळशी हात लांब करून धरायला सांगितली तर अंगणाच्या पलीकडे जाता येणार नाही. ७६० ग्रॅमचा टॅबलेट ६० सेंटीमीटरवर धरणे म्हणजे ३० सेंटीमीटरवर दीड किलो धरण्यासारखे आहे, आणि तो सगळा भार मानेच्या मुळाशी, शिकंज्याला जोडलेल्या त्या एका वळणावर येतो. खोक्यावर मात्र ‘४ ते १०.६ इंच’ एवढेच छापलेले असते. इंचावरून चिमट्यात टॅबलेट मावेल की नाही, एवढेच कळते. मान तो पेलेल की नाही, हे वजनावर आणि अंतरावर ठरते, आणि त्याबद्दल खोक्यावर एक अक्षर नाही. दुकानात कामाला असलेल्या आमच्या मुलाने आपल्याला ‘दहा इंचाला चालतंय बघा, काय होत नाही’ असे सांगितले, ते खोके वाचूनच सांगितले. तो नवा आहे, पण ही सबब मी पुढे करणार नाही. टॅबलेट कशाला लावणार, किती लांब धरणार आणि कव्हरसकट की कव्हराविना, हे तीन प्रश्न गिऱ्हाइकाला विचारायचे असतात, हे त्याला शिकवणे माझे काम होते आणि ते मी केलेले नव्हते.

यामुळेच आपली टेबलाबद्दलची तक्रार मला अर्धी मान्य आहे. मुद्दाम फसवण्यासाठी स्टॅण्ड टेबलावर लावलेला नाही, पण परिणाम तोच झाला. आमच्या टेबलाची फळी सागवानी, दीड इंच जाड आणि काठ सरळ कापलेला असल्याने शिकंज्याचे दोन्ही सपाट जबडे त्यावर पूर्ण टेकतात. आपल्या घरचा पलंग लोखंडी आहे आणि त्याच्या उशाची नळी गोल आहे. गोल नळीवर सपाट जबडा फक्त एका रेषेत टेकतो, त्यामुळे स्क्रू कितीही आवळला तरी भार आला की शिकंजा नळीभोवती गरकन फिरतो. ग्रॅनाइटच्या गोल घोटलेल्या काठाच्या ओट्यावरही हाच अनुभव येतो, म्हणून स्वयंपाकघरासाठी नेणाऱ्यांना आम्ही निदान ओट्याबद्दल विचारत आलो आहोत. पलंगाबद्दल मात्र कधी विचारले नाही.

आता जी गोष्ट आपल्या अभिप्रायात नाही, पण आपल्या स्टॅण्डमध्ये मला सापडली, तीही इथे सांगणे भाग आहे. खालच्या जबड्यावरची रबरी चकती जागेवर नव्हती, नुसता डिंकाचा डाग होता. ती आपल्या घरी पडली असे मला आधी वाटले, म्हणून गोदामातील उरलेले अकरा नग काढून प्रत्येकाची चकती अंगठ्याने ढकलून पाहिली. तीन नगांच्या चकत्या सरकल्या. आमच्या गोदामाची खोली पत्र्याची आहे आणि हा माल एप्रिल-मे महिन्यांत तिथेच पडून होता. लातूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली डिंक मऊ पडणारच. रबराविना लोखंडावर घासणारा शिकंजा सुटणारच होता, तेव्हा हा दोष आमच्या साठवणुकीचा आहे. ते तीन नग विक्रीतून काढले आहेत आणि उरलेला माल खालच्या पक्क्या खोलीत हलवला आहे.

माल परत न घेण्याबद्दलची तक्रार तर शंभर टक्के रास्त आहे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा शिक्का वडिलांच्या काळापासून आमच्या बिलावर उमटत आला आणि तो असतो म्हणून असतो, इतकाच विचार मी आजवर केला होता. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि बिलावर त्यासाठी मुदत दिलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरली जाते. आपण दहाव्या दिवशी आला होता. जबड्यावर स्क्रूचे ओरखडे होते, म्हणून ‘वापरलेला माल’ असे उत्तर आपल्याला मिळाले. ओरखडे पडल्याशिवाय शिकंजा लागतच नाही, तेव्हा ते उत्तर हास्यास्पद होते. शिक्का आता वापरात नाही.

असल्या वस्तू विकूच नयेत, हे मात्र पटत नाही. आमच्याकडून नेलेला असाच स्टॅण्ड एक शिवणकाम करणाऱ्या ताई मशीनच्या फळीला लावून, दोन्ही हात कापडावर ठेवून, नव्या गळ्याचा कट बघत बघत ब्लाऊज शिवतात. शिकवणीसाठी बाहेरगावाहून लातूरला येऊन खोली घेऊन राहणारी मुले अभ्यासाच्या टेबलाला लावून धडे पाहतात आणि हातांनी टिपणे काढतात. जाड सपाट फळी, आखूड अंतर आणि कव्हर काढलेला टॅबलेट असला की हा स्टॅण्ड आपले काम करतो. अंथरुणावर असलेल्या माणसासाठी मात्र तो योग्य नाही, आणि हे आपल्यामुळे आम्हाला उशिरा का होईना कळले.

आईंसाठी काय योग्य ठरेल, याबद्दल थोडे लिहितो, कारण ही अडचण आपल्या एकट्याच्या घरची नाही. टॅबलेट डोक्यावर टांगू नये, मग स्टॅण्ड कितीही महाग असो. तो पलंगाच्या बाजूने आणावा आणि छाती-पोटाच्या रेषेवर, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर तिरका ठेवावा. यामागे पडण्याच्या भीतीखेरीज चष्म्याचेही कारण आहे. आपण दुकानात म्हणाला होता की आईंचा चष्मा दुहेरी काचेचा आहे. त्याची जवळचे पाहण्याची काच खालच्या बाजूला असते, त्यामुळे डोळ्यांच्या बरोबर वर धरलेला पडदा लांबच्या काचेतून धूसर दिसतो. तसे झाले की माणूस ‘अजून जवळ आण’ म्हणतो, आपण मान आणखी ओढतो आणि टोकावरचा भार वाढत जातो. आपल्या घरी असेच घडले असावे, असा माझा अंदाज आहे. शिवाय टॅबलेटमधील आपोआप फिरणारा पडदा बंद करून ठेवावा, नाहीतर कुशीवर वळणाऱ्यासाठी टॅबलेट जरा तिरपा केला की चित्र आडवे होते आणि ते सरळ करायला पुन्हा हात लावावा लागतो. प्रत्येक स्पर्शाने गूजनेक डुलतो, ते वेगळेच. चार्जरची वायर लोंबती ठेवू नये, कारण येता-जाता तिच्यात कुणाचा पाय अडकला की सगळेच खाली येते.

या सगळ्याला उतरणारा स्टॅण्ड जमिनीवर उभा राहणारा, वजनदार बैठकीचा असतो. त्याची बैठक पलंगाखाली सरकते आणि दांडी बाजूने वर येते. तो आमच्याकडे आहे, पण महाग आहे. दुसरा मार्ग असा की गोल नळीसाठी खाच असलेला शिकंजा बसवायचा, मान आखूड ठेवायची आणि टॅबलेटचे कव्हर काढून टाकायचे.

आपले ८४९ रुपये आणि स्क्रीनगार्डचा खर्च आम्ही परत करत आहोत, बिल आणण्याची गरज नाही. यापुढे आमच्याकडून काही घ्यायचे की नाही, ही सर्वस्वी आपली मर्जी. घ्यायचे ठरलेच, तर येत्या रविवारी मी स्वतः औशाला येऊन दोन्ही प्रकार पलंगाला लावून दाखवीन. आपण पसंत केलेल्या स्टॅण्डला पहिली रात्र टॅबलेटऐवजी पाण्याची बाटली टांगू आणि सकाळी ती जागेवर दिसली तरच आईंच्या हाती द्यावा, आणि पैसेही तेव्हाच द्यावेत. आपला अभिप्राय तोवर आहे तसाच राहू द्यावा.

एक विनंती आहे. पलंगाच्या उशाच्या नळीभोवती दोरा एकदाच घट्ट गुंडाळून, जिथे दोन टोके भेटतात तिथपर्यंतची लांबी फूटपट्टीवर मोजून कळवावी. ती दहा सेंटीमीटरच्या आसपास भरली तर नळी सव्वा इंची आहे आणि त्या मापाचा खाचेचा शिकंजा दुकानात आहे. जास्त भरली तर तो मागवावा लागेल आणि रविवारऐवजी पुढच्या आठवड्यात येईन.

आपला,
दुकानमालक, लातूर