व्हॉल्यूम सातवर ठेवणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. रागावून लिहिली आहे आणि राग बऱ्यापैकी रास्त आहे, म्हणून ‘धन्यवाद, बघतो’ एवढ्यावर भागवत नाही.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. गिटारचे आधीचे साधे हंबकर (तारांचं कंपन पकडणारे, दोन कॉइलचे पिकअप) काढून तुम्ही सेकंडहँड मिळालेले ईएमजी कंपनीचे ८१ आणि ८५ हे बॅटरीवर चालणारे ‘ॲक्टिव्ह’ पिकअप बसवलेत, ‘बाकी वायरिंगला हात लावला नाही’. गिटारचा व्हॉल्यूम सातवर ठेवून, प्रोसेसरवर मेटल पॅच (तयार आवाजाचं सेटिंग) लावून वाजवता आणि गिटार गोधडीखालून वाजल्यासारखी ऐकू येते. ॲक्टिव्ह पिकअपवरचा माझा लेख वाचून महिनाभरात दोनदा बॅटरी बदललीत, फरक शून्य. तेव्हा तुमचा निष्कर्ष असा, की ॲक्टिव्ह पिकअप मुळातच गढूळ असतात, त्यांत जीव नसतो, ती मेटलवाल्यांची फॅशन आहे आणि मी न वापरताच लिहितो.

बॅटरीपासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे. लेखात मी ‘आवाज गढूळ झाला की पहिली शंका बॅटरीवर घ्या’ असं लिहिलं होतं. ते चुकलंच. बॅटरी उतरते तेव्हा आवाज गढूळ होत नाही, फाटतो. जोरात स्ट्रोक मारला की कडा खरखरतात, स्वर लांबत नाही, शेवटी तर रेडिओचं स्टेशन सुटल्यासारखा तुटतो. ८१ च्या पोटातला प्रीअँप (सिग्नल वाढवणारं छोटं सर्किट) साधारण ८० मायक्रोअँपिअर करंट खातो. दोन पिकअपचे १६० धरा. महिनाभर केबल जॅकमधून काढलीच नाहीत, तरी हिशोब सव्वाशे मिलिअँपिअर-तासांच्या आतच राहतो, आणि बऱ्या अल्कलाइन बॅटरीत त्याच्या चौपट तरी जीव असतो. म्हणजे तुम्ही काढून टाकलेल्या दोन्ही बॅटऱ्या बहुधा चांगल्या होत्या. टाकल्या नसतील तर मल्टीमीटरमध्ये वापरा. पैसे माझ्या नावावर मांडून ठेवा.

आता तुमच्या गिटारकडे येऊ. दुखणं तुम्ही स्वतःच लिहून पाठवलं आहे, फक्त ते तक्रारीत न लिहिता जाता जाता लिहिलंय: ‘बाकी वायरिंगला हात लावला नाही’, आणि ‘व्हॉल्यूम सातवर’. ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की मला पिकअपवर संशय घ्यायचं कारणच उरत नाही.

साध्या हंबकरसाठी गिटारमध्ये ५०० के (किलोओहम) चे पॉट, म्हणजे व्हॉल्यूम आणि टोनच्या नॉबखालचे फिरते रोध, असतात. सिंगल कॉइलला, म्हणजे एकाच कॉइलच्या पिकअपला, २५०. ॲक्टिव्हला लागतात २५ के चे, म्हणजे वीसपट कमी रोधाचे. नवा संच घेतला तर ते डब्यातच येतात. सेकंडहँड घेणाऱ्याच्या हातात मात्र नुसते दोन काळे ठोकळे पडतात आणि तो ते जुन्या पॉटना सोल्डर करून मोकळा होतो. आणि मी काय लिहिलं होतं? ‘पॉट बदलणं ऐच्छिक.’ हे वाक्य बॅटरीच्या वाक्यापेक्षा जास्त महागात पडलं असणार. आज लेखातून काढतो आहे.

५०० के ने बिघडतं काय? व्हॉल्यूम दहावर असेपर्यंत काही नाही. तेव्हा पिकअपचा आउटपुट सरळ जॅकला जातो, आणि तो कमी रोधाचा, १० के च्या आसपास, असल्यामुळे लांब केबलही त्याचं ट्रेबल खात नाही. ॲक्टिव्हचा मोठा फायदा म्हणतात तो हाच. पण पॉट मागे घेतला की सिग्नलच्या वाटेत पॉटचा स्वतःचा रोध येऊन बसतो, आणि तो सगळ्यात जास्त असतो पॉट रोधाच्या बरोबर मध्यावर असताना. ५०० के च्या पॉटमध्ये तिथे सव्वाशे के भरतात. पुढे तुमची केबल. पाच मीटर केबलची कपॅसिटन्स ५०० पिकोफॅरॅडच्या घरात धरली, तर या दोघांचं मिळून एक फिल्टर तयार होतं आणि अडीच हजार हर्ट्झच्या वरचं सगळं त्यात गळायला लागतं. तारेवर पिक घासल्याचा आवाज, कॉर्डमधले स्वर सुटे ऐकू येण्यासाठी लागणारी धार, सगळं या मर्यादेच्या वरच असतं, म्हणून तेच गळतं. २५ के चा पॉट असता तर हीच मर्यादा चाळीस हजार हर्ट्झच्या आसपास गेली असती. तिथलं फार तर वटवाघळाला ऐकू येईल.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी, की गिटारमधले व्हॉल्यूम पॉट बहुतेक वेळा लॉग असतात, म्हणजे नॉब फिरवाल त्या प्रमाणात त्यांचा रोध सारखा बदलत नाही, त्यामुळे रोधाचा मध्य नॉबच्या पाचवर येत नाही. तो येतो जवळपास सातवर. अख्ख्या नॉबवर जी जागा सगळ्यात वाईट, तिथे तुम्ही मुक्काम ठोकला आहे.

मी सांगतो म्हणून विश्वास ठेवू नका. गिटार न उघडता ताडून बघा. प्रोसेसरवरचा मेटल पॅच बंद करा, स्वच्छ आवाज लावा, व्हॉल्यूम आणि टोन दोन्ही दहावर. एक ई मायनर वाजवा. मग व्हॉल्यूम सातवर आणून पुन्हा वाजवा, पण या वेळी ॲम्प थोडा वाढवा, म्हणजे दोन्ही वेळा आवाज सारखाच मोठा राहील. (हे विसरू नका. हळू वाजलेलं कानाला नेहमीच दबकं वाटतं.) आवाज दहावर मोकळा आणि सातवर पडदा टाकल्यासारखा वाटला, तर गुन्हेगार पॉट. दुसरी खूण टोनच्या नॉबची. दहापासून दोनपर्यंत फिरवून काहीच घडत नाही आणि शेवटच्या टप्प्यात एकदम सगळं बुडतं, असं होत असेल तर तोही ५०० के चाच पॉट आहे. टोनचा पॉटही २५ के चा केलात, तर त्याचा कपॅसिटर मग ०.१ मायक्रोफॅरॅडचा घ्या. हंबकरवाल्या गिटारमध्ये सहसा ०.०२२ चा असतो.

२५ के चा लॉग पॉट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेलच असं नाही. लॅमिंग्टन रोडला किंवा बुधवार पेठेत २२ के चा मिळाला तरी बिनधास्त घ्या, कानाला फरक कळणार नाही. मात्र जुना नॉब सोबत घेऊन जा. दांड्याचे दाते जुळत नाहीत हे घरी येऊन कळलं की पुन्हा एक फेरी होते. जॅकसुद्धा स्टीरिओ आहे ना बघून घ्या, नाहीतर केबल काढली तरी बॅटरी चालूच राहते. पॉट येईपर्यंत गिटारचा व्हॉल्यूम दहावर ठेवा आणि आवाज ॲम्पवरून कमी करा.

‘न वापरताच लिहितो’ यावर एकच सांगतो. माझ्या पहिल्या ॲक्टिव्ह गिटारमध्ये मी ब्रिजला ८१ बसवला आणि नेकचा जुना साधा पिकअप मायेपोटी तसाच ठेवला, कारण त्याचा आवाज मला फार आवडायचा. पॉट मात्र शहाण्यासारखे २५ के चे घातले. ८१ उत्तम वाजला आणि नेकचा लाडका पिकअप मेला. तुमच्या बरोबर उलटी चूक. साध्या पिकअपमध्ये बारीक तारेचे हजारो वेढे असतात आणि त्याची चमक त्या वेढ्यांच्या रेझोनन्समधून (अनुनादातून) येते. २५ के चं ओझं टाकलं की ती चमक जागच्या जागी चिरडते. सिलेक्टर (पिकअप निवडायची कळ) मधे ठेवला तर आणखी मजा: ॲक्टिव्हचा कमी रोध साध्याला जवळजवळ गिळून टाकतो. साध्या पिकअपच्या मागे एक छोटा बफर (सिग्नल कमी रोधाचा करून पुढे देणारं सर्किट) लावल्याशिवाय हे भांडण मिटत नाही. मी दोन महिने स्पीकरला दोष देत होतो.

आता समजा दहावर ठेवूनही थोडा लगदा राहिला. तर मग तुमचा तो मेटल पॅच. ॲक्टिव्ह पिकअपचा आउटपुट दणकट असतो आणि खालचे स्वर भरपूर येतात. डिस्टॉर्शनच्या आधी बेस जास्त असला की तो आधी फाटतो आणि वरच्या स्वरांनाही सोबत घेऊन बुडतो. नंतर इक्वलायझरवर बेस कितीही कमी करा, फाटलेलं शिवून निघत नाही. म्हणून गाळायचं ते गेनच्या, म्हणजे डिस्टॉर्शन घडवणाऱ्या वाढीच्या, आधी. ट्यूब स्क्रीमर जातीचा पेडल (पायाने चालू-बंद करायचा ओव्हरड्राइव्हचा डबा) ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर ठेवून पुढे लावतात तो यासाठीच. त्याची रचनाच अशी आहे की ७२० हर्ट्झच्या खालचं डिस्टॉर्शन कमी होतं आणि रिफ सुटी ऐकू येते. पॅचमध्ये तसा ब्लॉक असेल तर लावून बघा, गेन निम्म्यावर आणा, आणि पिकअपची जाड तारांकडची बाजू स्क्रूने थोडी खाली उतरवा. लॅपटॉपला ऑडिओ इंटरफेसमधून जोडत असाल तर सिग्नल जास्त झाल्याचा लाल दिवा लागतोय का तेही पाहा. तिथला फाटलेला आवाज बऱ्याचदा ‘गढूळ’ म्हणून वर्णन केला जातो.

राहिलं ‘जीव नसतो’ हे मत. त्यातलं अर्धं मला मान्य आहे. बोटाच्या हलक्या-जड स्पर्शाला ८१ साध्या पिकअपइतका प्रतिसाद देत नाही, आणि ब्लूज वाजवायला मी स्वतः तो उचलत नाही. पण ‘ॲक्टिव्ह म्हणजे मेटलवाले’ हे मात्र पटत नाही. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोरने त्याच्या लाल स्ट्रॅटोकास्टर गिटारमध्ये वर्षानुवर्षं ईएमजीचे ॲक्टिव्ह सिंगल कॉइलच वापरले. त्या गिटारला कोणी गढूळ म्हणालेलं माझ्या ऐकण्यात नाही.

एक काम करा. मागचं झाकण उघडून पॉटच्या पाठीवर छापलेला आकडा वाचा आणि इथेच खाली कळवा. ५०० असेल तर काय करायचं ते वर लिहिलंच आहे. २५ निघाला, तर माझं निदान चुकलं. मग सर्किटचा एक फोटोही टाका, वायर कुठली कुठे गेली आहे ते पाहू.