‘गांज्याने गाडी सावकाश चालते’ या दाव्याचा प्रतिवाद

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की आमच्या तासगाव भागातील मालवाहू गाड्यांच्या चालकांमध्ये मोबाइलवर एक संदेश फिरतो. दारू पिऊन गाडी चालवू नये हे खरे, परंतु गांज्याचे दोन झुरके घेतल्यास डोके शांत राहून माणूस सावकाश चालवतो, जागरणाच्या गोळीने झोप उडते आणि यातले काहीही पोलिसांच्या मशीनमध्ये सापडत नाही, असा त्याचा आशय आहे. माझी द्राक्षे हेच चालक रात्रीतून वाशीच्या बाजारात पोहोचवतात, त्यामुळे हा संदेश मला दुर्लक्षिण्यासारखा वाटत नाही.

पहिल्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे आणि तेच अधिक घातक आहे. गांजा घेतलेला चालक अनेकदा वेग कमी ठेवतो आणि पुढच्या गाडीपासून अंतर राखतो, हे सिम्युलेटरवरील चाचण्यांत दिसले आहे. मात्र गाडी आपल्या लेनमध्ये सरळ ठेवणे, एकाच वेळी दोन गोष्टींवर लक्ष देणे आणि अनपेक्षित अडथळा दिसताच ब्रेक दाबणे, या तिन्ही गोष्टी गांज्यामुळे बिघडतात. उसाच्या हंगामात पेठ नाक्याच्या पुढे महामार्गावर मागचा दिवा नसलेला, दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर अंधारात अचानक समोर येतो, तेव्हा सावकाशपणा पुरत नाही. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर जाते. पाय ब्रेकवर अर्धा सेकंद उशिरा पडला, तर तेवढ्यात ती आठ मीटर पुढे गेलेली असते. सोबत थोडी दारू घेतली असेल, तर परिणाम आणखी वाढतो.

जागरणाच्या गोळीने झोप भरून निघत नाही, ती फक्त पुढे ढकलली जाते. असर ओसरला की साठलेली झोप एकदम येते आणि तीन सेकंदांच्या डुलकीत, त्याच वेगाने, गाडी 50 मीटर बेवारस धावते. खंबाटकीसारख्या घाटाच्या उतारावर 50 मीटर किती असतात, हे चालकांना सांगावे लागत नाही.

मशीन श्वासातील दारूच मोजते, हे मान्य आहे. परंतु मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार अमली पदार्थामुळे गाडीवर नीट ताबा ठेवता न येणे हाच गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गांजाचे अंश रक्तात व लघवीत सापडतात, आणि त्याचे सेवन 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार वेगळा गुन्हा आहे. झोपेच्या किंवा सर्दीच्या काही गोळ्यांची गुंगी सकाळीही उरते, याचा तर संदेशात उल्लेखच नाही.

या संदेशावर विश्वास बसण्यात आम्हा बागायतदारांचाही वाटा आहे. पहाटेच्या बाजाराआधी गाडी पोहोचलीच पाहिजे, असा तगादा आम्हीच लावतो. म्हणून यंदा मी माल दुपारीच भरून देतो आणि वाटेत दोन तास झोप घ्यावी, असे चालकाला भाडे ठरवतानाच सांगतो.